बिबट्याने रजिस्टरमध्ये काय लिहिलं

आमच्या हॉलमध्ये, जिथे चारचौघांच्या घरी मुलाचा पदवीदानाचा फोटो असतो, तिथे एक कावळा आहे. त्याच्यासमोर केळीच्या पानावर पिंड मांडलाय आणि हा मान वाकडी करून पलीकडच्या वडापावच्या गाडीकडे बघतोय. खाली एका कोपऱ्यात पेन्सिलीने १०/५० असं लिहिलंय, आणि दुसऱ्या कोपऱ्यात एक लालभडक ठिपका आहे. ठिपक्याचं मी पुढे सांगते. तो माझा गुन्हा आहे. तसे माझ्या नावावर बरेच गुन्हे आहेत, हा त्यातला धाकटा.

पाहुणे आधी कावळ्याकडे बघतात, मग माझ्याकडे, मग आमच्या ह्यांच्याकडे. हे पेपरमधून डोकं वर न काढता म्हणतात, "तिला विचारा. मी इथे नुसता राहतो."

मग मी समजावते. शहरातल्या भिंतींवर, विजेच्या डब्यांवर, पुलांच्या खांबांवर जी पोरं चित्रं काढतात, त्यांतली काही जण ती कागदावरही छापतात. आपल्या लग्नाच्या पत्रिका छापायचे ना, तीच पद्धत. चौकटीला ताणून बसवलेली बारीक जाळी, तिच्यावरून रंग ओढायचा, खाली कागद. जितके रंग तितक्या चौकटी. ठरवलेले पन्नास कागद झाले की जाळी धुऊन टाकायची, मग एक्कावन्नावा कागद देवानेही मागितला तरी मिळायचा नाही. १०/५० म्हणजे पन्नासातला दहावा. मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तोंडून गेलं होतं, "एक पंचमांश लिहा की! संक्षिप्त रूप द्यायला काय झालं?"

अशी चोवीस चित्रं आहेत माझ्याकडे. भिंती भरल्या, आता बाकीची कपाटात झोपतात. पैठण्यांच्या खणात, एकेकाच्या मध्ये बटर पेपर घालून. पैठण्या सुनेकडे गेल्या. तिने त्या आनंदाने नेल्या आणि सासूला वेड लागलंय ही बातमीही माहेरी तितक्याच आनंदाने नेली.

पण मला स्वतःला सगळ्यात जास्त हसू येतं ते त्या बाईचं, जी मी तेरा-चौदा वर्षांपूर्वी होते.

तिची ओळख करून देते. बोरीवलीतल्या आमच्या सोसायटीची सेक्रेटरी. शाळेतून निवृत्त व्हायला दोन वर्षं होती आणि निवृत्तीनंतर हुकूम कुणावर सोडायचे, या काळजीने तिने आधीच सोय करून ठेवली होती. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. गच्चीची, पंपाच्या खोलीची, मीटरच्या खोलीची, आणि दोन किल्ल्या अशा की त्या कशाच्या हे तिलाही ठाऊक नव्हतं, पण जुडग्याला वजन यायचं. चष्म्याला साखळी. उजव्या हाताचं पहिलं बोट कायम अर्धवट वर, तोफेला बत्ती द्यायचीच बाकी आहे असं. शाळेत कुणी बोललं की ती चाळीस-चाळीस वेळा लिहायला लावायची, 'मी वर्गात बोलणार नाही'. सोसायटीच्या मेंबरांना तसं लिहायला लावता येत नाही, याचं तिला मनापासून दुःख होतं.

तिने सोसायटीत दोन सुधारणा केल्या. पहिली म्हणजे, गल्लीतले पुरुष आमच्या कंपाउंडच्या भिंतीचा नको तसा उपयोग करायचे, म्हणून भिंतीला बाहेरून दर चार फुटांवर देवाची टाइल. सगळ्या धर्मांचे देव, कुणाला सबब नको.

दुसरी सुधारणा गेटवरच्या रजिस्टरमध्ये. नाव, कोणाकडे, वेळ, हे रकाने सगळीकडेच असतात. चौथा रकाना हा बाईंचा स्वतःचा शोध: 'कामाचे स्वरूप'. तो भरल्याशिवाय आत पाऊल नाही. तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या जावयाने तिथे 'जावई' लिहिलं, तर बाईंनी रजिस्टर परत त्याच्या हातात दिलं. "जावई हे नातं झालं. काम लिहा." बिचाऱ्याने खोडून 'जेवण' लिहिलं.

आता नॅशनल पार्क आमच्यापासून फार लांब नाही. त्या वर्षी मागच्या गल्लीत बिबट्या फिरतो अशी आवई उठली होती. पाहिला कुणीच नव्हता, ऐकला सगळ्यांनी होता. बाईंनी लगेच फळ्यावर नोटीस लावली: 'बिबट्या दिसल्यास प्रथम सेक्रेटरींना कळवावे.'

आणि एका सकाळी तो खरंच आला. भिंतीवर.

मी दूध घ्यायला खाली उतरले तर गेटबाहेर गर्दी. देवांच्या टाइल्स संपतात तिथपासून गेटपर्यंतच्या कोऱ्या भिंतीवर पुरुषभर उंचीचा बिबट्या. पिवळाधमक. मागच्या दोन पायांवर उभा, पंजात पेन, आणि समोरच्या टेबलावरच्या रजिस्टरमध्ये अगदी मन लावून लिहितोय. टेबलापलीकडे एक बाई. कमरेला हा एवढा जुडगा, चष्म्याला साखळी, एक बोट वर. बिबट्या बिचारा तिच्या धाकाने जीभ बाहेर काढून, शाळकरी पोरासारखा लिहीत होता. नाव: बिबट्या. कोणाकडे: सगळ्यांकडे. वेळ: आत्ताच. आणि चौथ्या रकान्यात, कामाचे स्वरूप: सहज.

मी ते वाचलं आणि भिंतीलाच विचारलं, "सहज? सहज म्हणजे काय? हे काम आहे?"

वॉचमन पाण्याच्या टाकीमागे पळाला. मला वाटलं, बिचाऱ्याला भीती वाटली. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी तोंडाला पदर लावून खोकत होत्या.

"आणि ही भवानी कोण?" मी चित्रातल्या बाईकडे बोट दाखवून विचारलं. तेच बोट, तसंच वर केलेलं. सगळे कुठे ना कुठे वर आभाळात बघायला लागले.

मी ह्यांना चुना आणायला पिटाळलं. दुपारपर्यंत भिंतीला चुन्याचे दोन हात मारून झाले. संध्याकाळी पांढऱ्याशुभ्र भिंतीकडे बघून बाईंना इतकं समाधान वाटलं की त्यांनी चक्क शिरा केला.

तर ही ती बाई. आता त्या बाईला कावळा कसा भेटला ते ऐका.

निवृत्त झाले, सोसायटीतही नवी कमिटी आली. जुडगा दिला तेव्हा त्या दोन बिनकामाच्या किल्ल्या मी ठेवून घेतल्या, सवय म्हणून. मग गुडघे बोलायला लागले. गुडघ्यांचा डॉक्टर अंधेरीला. तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट, नात मला घेऊन गेली होती. येताना म्हणाली, "आजी, इथे जवळच एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये चित्रांची विक्री आहे. दहा मिनिटं. तू खुर्चीवर बस फक्त."

मी बसले ती नेमकी कावळ्यासमोर. आधी मी नाक मुरडलं. मग पिंड दिसला. मग वडापावची गाडी दिसली. माझ्या सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला कावळा दोन तास शिवला नव्हता आणि आमचे हे गच्चीवर उभं राहून त्याला "आईला बटाटेवडा आवडायचा, तो राहिला" असं काहीतरी सांगत होते, ते आठवलं. मी त्या गॅरेजमध्ये इतक्या मोठ्याने हसले की चित्रं विकणारा पोरगा पाणी घेऊन धावत आला. मिक्सर घ्यायला बाजूला काढलेल्या पैशांत मी कावळा घेतला. जुना मिक्सर अजून चालतोय, दोन नंबरवर ठेवला की रडतो फक्त.

घरी आणला आणि नवी वस्तू घरात आली की करतात ते केलं. फ्रिजला केलं होतं, स्कूटरला केलं होतं, नातीच्या लॅपटॉपलाही केलं होतं. करंडा उघडला, बोट बुडवलं आणि कोपऱ्यात कुंकू टेकवलं.

नात अशी किंचाळली की शेजारच्यांनी बेल वाजवली.

"आजी! हे काय केलंस?"

"नवीन वस्तू आहे ना."

"अगं लिमिटेड एडिशन आहे! पन्नासच आहेत जगात!"

"मग तर दोन बोटं लावायला हवी होती. हळद राहिलीच."

ती डोकं धरून बसली. मला मात्र आत कुठेतरी बरं वाटलं होतं, की बाकीचे एकोणपन्नास कावळे लोकांचे, हा आमचा.

पुढे मी शिकले. कागदाला घामट हात लावायचा नाही, सुती हातमोजे घालायचे. ऊन नको, ओल नको, डांबराच्या गोळ्या तर अजिबात नकोत. लॅमिनेशन हा शब्द या मंडळींसमोर उच्चारायचासुद्धा नाही, मी एकदा उच्चारला तर एका मुलाला भोवळ यायची बाकी होती. अदलाबदलही शिकले. मुलुंडच्या एका दाढीवाल्या इंजिनियरकडे एक कबुतर होतं, कुंडीत अंडी घालून घरमालकिणीकडून डिपॉझिट मागणारं. मला ते हवंच होतं. घाटकोपरला एका फरसाणच्या दुकानाबाहेर आम्ही भेटलो, दोघांच्या हातात गुंडाळ्या. तो म्हणाला, "आजी, माझं तिसातलं आहे, तुमचं पन्नासातलं. बरोबरीचं नाही होत."

"छेद लहान, किंमत मोठी. पटलं," मी म्हटलं आणि पिशवीतून घरच्या चकल्यांचा डबा काढला. त्याने तिथल्या तिथे एक मोडून खाल्ली. कबुतर माझं झालं.

या सगळ्यांत मला एकीची चित्रं फार आवडायची. ती कोण, कुठली, कुणालाच माहीत नव्हतं. तिच्या चित्रांत जनावरं माणसांची कामं करतात. शेअर रिक्षाच्या रांगेत उभी असलेली म्हैस. पोस्टाच्या खिडकीत 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी लावून डुलक्या काढणारी घोरपड. तिची तीन चित्रं माझ्याकडे होती, आणि तीन वर्षांत मला एकदाही, एकदासुद्धा, भिंतीवरचा तो बिबट्या आठवला नव्हता. अहो, गणिताची बाई मी! एक, दोन, तीन लिहून पुढे गाळलेली जागा, आणि मला चार सुचेना.

मग गेल्या हिवाळ्यात एका सकाळी नात फोन घेऊन स्वयंपाकघरात आली. "आजी, तुझ्या घोरपडवालीचं नवीन येतंय. चाळीसच प्रती."

मी चष्मा लावला. फोनवर पिवळाधमक बिबट्या, मागच्या दोन पायांवर उभा, पंजात पेन.

खाली त्या मुलीने लिहिलं होतं ते नातीने वाचून दाखवलं. ही तिची पहिली भिंत. एक दिवससुद्धा टिकली नाही. संध्याकाळी फोटो काढायला गेली तोवर भिंत पांढरी झालेली. आता इतक्या वर्षांनी आठवून आठवून काढलंय. सगळं आठवलं, पण बिबट्याने शेवटच्या रकान्यात काय लिहिलं होतं तेवढं आठवत नाही, घाईत जे सुचलं ते लिहिलं होतं. म्हणून तो रकाना रिकामा आहे. मूळ भिंत कुणी पाहिली असेल तर शनिवारी साकीनाक्याच्या छापखान्यात या आणि सांगा. चित्रावर पहिला हक्क त्यांचा.

माझ्या हातातला झारा कढईतच राहिला.

"आजी," नात हळूच म्हणाली, "ही बाई तू आहेस."

"कोण?"

"ही. बोटवाली."

मी बघितलं. साखळी. जुडगा. बोट. जुडग्यातल्या त्या दोन जास्तीच्या किल्ल्यासुद्धा.

"अहो!" मी ओरडले. हे दाढीचा फेस तसाच घेऊन आले. फोन बघितला. "हां, ही तूच," म्हणाले. "मी तेव्हाच ओळखलं होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"चुना मलाच आणायला लावला होतास. सांगितलं असतं तर तिसरा हात मारायला लागला असता."

"म्हणजे सगळ्यांना कळलं होतं?"

"वॉचमन गावी जाऊन सांगून आला होता."

मी खुर्चीवर बसले. मला राग यायला हवा होता, पण आधी हसू आलं, आणि हसता हसता मी फोन परत ओढून घेतला. कारण मला ते चित्र हवं होतं. तेवीसच्या तेवीस चित्रं एका पारड्यात घातली तरी मला तेच हवं होतं. आणि त्या रिकाम्या रकान्यातला शब्द जगात बहुधा मला एकटीला ठाऊक होता, कारण ते रजिस्टर बाकीच्यांनी नुसतं बघितलं, तपासलं फक्त मी होतं. साक्षीदार म्हणून पहिला हक्क माझा. फक्त साक्षीदारच आरोपी होती.

"सांग ना, गल्लीतून जाताना पाहिलं," हे म्हणाले. "त्यात खोटं काय? तू गल्लीतच उभी होतीस."

दोन दिवस मी आरशासमोर तेच घोकलं. मी जात होते, पाहिलं, 'सहज' लिहिलं होतं, नमस्कार. खरं सांगितलं तर ती पोरगी मला दारातूनच परत पाठवेल आणि माझा बिबट्या त्या मुलुंडवाल्याच्या घरी जाईल, हे मला स्वच्छ दिसत होतं.

शनिवारी साकीनाक्याला गेलो, मी आणि नात. औद्योगिक वसाहतीच्या गेटवर वॉचमनने रजिस्टर पुढे सरकवलं. नाव लिहिलं. गाळा नंबर लिहिला. वेळ लिहिली. आणि चौथा रकाना आला. कामाचे स्वरूप.

पेन हातात धरून मी उभीच. काय लिहू? 'चित्र' हे काम नव्हे. 'माफी' लिहावं तर वॉचमन काय म्हणेल? मागे टेम्पोवाले खोळंबले.

"आजी, लिहा ना पटकन कायतरी, लाइन लागली मागे," वॉचमन म्हणाला.

"आजी, नियम म्हणजे नियम," नात कानाशी म्हणाली. कार्टी आजोबांवर गेली आहे. मी 'छपाई' लिहून सुटले.

गाळ्यात शिरल्या शिरल्या शाईचा उग्र वास. भिंतीवर लग्नपत्रिकांचे नमुने, मिठाईवाल्यांच्या कागदी पिशव्या, आणि मधल्या जाळीच्या मांडणीवर एकावर एक वाळत घातलेले चाळीस बिबटे. मी नकळत हात पुढे केला तर छापणारे गृहस्थ, पिकलेल्या मिशांचे, ओरडले, "वयनी, हात लावू नको, रंग ओलो आसा!"

आणि ती. तिशी ओलांडलेली, आखूड केस, कोपरापर्यंत पिवळे हात. मरोळच्या गावठाणातली, पिढ्यान् पिढ्या घरात मराठी बोलणारी ख्रिस्ती पोरगी. सात-आठ जण तिच्याभोवती उभे होते आणि प्रत्येकजण मूळ भिंत आपण पाहिल्याचं छातीठोक सांगत होता.

"'शिकार' लिहिलं होतं," एक म्हणाला.

"छे, 'डरकाळी'," दुसरा. मुलुंडचा दाढीवाला होता तोच. हा तेव्हा अकरावीत असेल, आणि मुलुंडला!

"'भूक'," तिसरी.

ती सगळ्यांना मान हलवून नाही म्हणत होती. "नाही रे. काहीतरी साधं होतं. अगदी साधं. ऐकलं की मला कळेल." आणि तिचा चेहरा पडत चालला होता. मला शाळेतली मुलं आठवली, उत्तर जिभेवर असतं आणि येत नाही.

मी घोकलेलं सगळं विसरले. "सहज," मी म्हणाले.

बोलताना माझं बोट वर गेलं. काय करणार, ते जातंच.

तिने माझ्याकडे बघितलं. मग मांडणीवरच्या कागदाकडे. मग माझ्या बोटाकडे. सगळ्या गाळ्याने तसंच केलं, चाळीस कागदांवर चाळीस बोटं आणि एक माझं.

"काकू," ती म्हणाली, "तुम्ही..."

"हो. मीच ती. आणि चुनाही मीच मारला." एका दमात सांगून टाकलं. बोट खाली घ्यायचं राहूनच गेलं.

छापणाऱ्या गृहस्थांनी पंखा बंद केला, काहीही चुकायला नको म्हणून.

"किती हात मारले होते?" तिने विचारलं.

"दोन."

"म्हणूनच! मी दुसऱ्या दिवशी येऊन ओल्या फडक्याने घासून बघितलं. मिशीसुद्धा निघाली नाही." मग म्हणाली, "तुमच्या बिल्डिंगमध्ये माझी मैत्रीण राहायची. तिच्याकडे आले होते. रकान्यात 'मैत्रीण' लिहिलं तर तुम्ही म्हणालात, मैत्रीण हे काम नव्हे. मी 'गप्पा' लिहिलं. तुम्ही विचारलंत, किती वाजेपर्यंत? आणि वर म्हणालात, अक्षर सुधार, कोंबडीचे पाय आहेत."

मला यातलं काहीही आठवत नव्हतं. आठवणार कसं, रोजचंच होतं ते. तिने मला नखशिखांत न्याहाळलं असेल आणि मी समजले असेन, पोर वळणाची आहे, मोठ्यांकडे आदराने बघते.

"नंतर मला फार वाईट वाटलं काकू," ती म्हणाली. "भिंत गेली त्याचं नाही. मला वाटलं, तुम्हाला लागलं असणार. एवढ्या लोकांसमोर तुमचं चित्र. म्हणून तुम्ही पुसलंत. इतकी वर्षं तेच डोक्यात. हे चित्र परत काढायचं धाडस होत नव्हतं."

"अगं, मला कळलंच नव्हतं!"

"काय?"

"ती मी आहे हे. मी तर सगळ्यांना विचारलं, ही भवानी कोण म्हणून. परवा नातीने सांगितलं तेव्हा कळलं."

मग तिने पिवळ्या हातांनी तोंड झाकलं आणि खाली स्टुलावर बसली, आणि हसायला लागली. नाकाखाली, कपाळाला, सगळीकडे रंग. म्हणजे तिला मिशा आल्या पिवळ्या. मग नात सुटली, मग मी, मग ते मालवणी गृहस्थ तर भिंतीला टेकूनच बसले. दाढीवाला आधी गोरामोरा झाला आणि मग सगळ्यात मोठ्याने हसला.

डोळे पुसून ती उठली. "चित्र तुम्हालाच. पण रकाना भरायचा राहिलाय. जाळी धुऊन झाली, आता हातानेच लिहायला लागणार. चाळीसही कागदांवर."

"मग लिही ना."

तिने काळं पेन माझ्यापुढे धरलं. "माझं अक्षर कोंबडीचे पाय."

असा न्याय मी आयुष्यात पाहिलेला नाही. एकतीस वर्षं ज्या बाईने पोरांना चाळीस-चाळीस वेळा लिहायला लावलं, ती साकीनाक्याच्या एका गाळ्यात स्टुलावर बसून लिहीत होती. सहज. सहज. सहज. वाळलेला एकेक कागद ते गृहस्थ दोन्ही हातांनी आणून ठेवायचे, मी हातमोजा घालून लिहायची, नात उचलायची. जीभ बाहेर आली होती माझी, अगदी त्या बिबट्यासारखी. नातीने त्याचा फोटो काढलाय आणि तो भिशीच्या ग्रुपवर टाकलाय.

बाराव्या कागदापर्यंत फळ्यावरचं अक्षर होतं. विसाव्याला मनगट बोलायला लागलं. सत्ताविसाव्याला ती मुलगी मागे येऊन उभी राहिली, हाताची घडी घालून.

"काकू, अक्षर घसरतंय."

"हो बाई."

"आणि बोलायचं नाही."

चाळीस झाले तेव्हा माझी बोटं काळी, तिची पिवळी. तिने पेन्सिल घेतली, एक कागद निवडला आणि खाली कोपऱ्यात लिहिलं: १/४०. कोंबडीचे पायच होते. पण मी काही बोलले नाही. याला मात्र संक्षिप्त रूप नाही, एवढंच मनात आलं.

दाढीवाल्यालाही शेवटी एक मिळालं. 'डरकाळी' सांगितल्याची शिक्षा म्हणून दिवाळीला तो माझ्याकडे चकल्या शिकायला आणि पुरी परात तळायला येणार आहे. हा निकाल माझा.

बिबट्या चौकटीत बसून आला तेव्हा मी करंडा घेतला. नात कागद आणि मी यांच्या मध्ये उभी राहिली, गोलकीपरसारखी. मग तडजोड झाली: कुंकू काचेवर. आता तो जेवणाच्या टेबलासमोर असतो, बाईसकट, बोटासकट. पहिल्या सकाळी हे चहाचा कप घेऊन बसले आणि थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले.

"आता रोज ही समोर बोट दाखवत उभी असणार," ते म्हणाले. "चहा घशाखाली उतरायचा कसा?"

"चव्वेचाळीस वर्षं उतरतोय ना?" मी म्हटलं आणि त्यांच्या कपात अर्धा चमचा साखर जास्त घातली. का घातली म्हणाल, तर सहज.